पालक, नवसागर आणि तोंडबंद पिशवी: थायलॅकॉइड घरी कसं बघावं

तळमजल्यावरची तन्वी अकरावी सायन्सला आहे. गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी वही उघडून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मावशी, या नाण्यांच्या चळती पाठ झाल्या. पण त्या तिथे करतात काय, ते विचारलं की मॅडम म्हणतात, पुढच्या धड्यात आहे."

वहीत हरितलवकाची, म्हणजे पानाच्या पेशीतल्या हिरव्या दाण्याची, आकृती होती. सुबक, रंगवलेली, आत हिरव्या नाण्यांच्या चळती. मी ३१ वर्षं एका ज्युनिअर कॉलेजच्या बायोच्या लॅबमध्ये लॅब असिस्टंट होते. या चळती मी जर्नलांमधून इतक्यांदा पाहिल्यात की मोजदाद नाही. आकृती कुणाचीच चुकत नाही आणि कळलेलं कुणालाच नसतं. कारण थायलॅकॉइड, म्हणजे आकृतीत नाणं म्हणून काढतात ते, नाणं नाहीच. ती पिशवी आहे. चपटी, तोंडबंद, घड्या घातलेली आणि आतून सगळीकडे एकच. तिचं अर्धंअधिक काम ती तोंडबंद असण्यावर चालतं. हे मी तन्वीला तोंडी सांगितलं, तिने मान डोलावली, आणि मला कळलं की ही मान परीक्षेपुरतीच आहे. म्हणून पुढच्या रविवारी पालक आणला.

मात्र पालकाआधी रबरी हातमोजा काढा, भांडी घासायचा असतो तसला. त्यात थोडी हवा भरून मनगटाशी गाठ मारा. आता त्याची बोटं चपटी करून एकावर एक ठेवा. बोटांची ही चळत म्हणजे ग्रॅना. तळव्याचा जो भाग बोटांना जोडतो, तो स्ट्रोमा लॅमेला. एक बोट दाबलं की हवा दुसऱ्या बोटात जाते, कारण आतली पोकळी एकच आहे. तिचं नाव ल्युमेन. खऱ्या हरितलवकात हे जोडणारे पट्टे चळतीभोवती गोल जिन्यासारखे वळत वर जातात आणि वाटेत एकेका चकतीला जोडले जातात. हातमोज्यात तेवढं जमत नाही, पण नाण्यांपेक्षा हातमोजा खरा. थायलॅकॉइड हा शब्दसुद्धा पिशवी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. विल्हेल्म मेन्के या जर्मन शास्त्रज्ञाने तो साठच्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केला. नाव ठेवणाऱ्याने पिशवी म्हटलं आणि आपण नाणी काढत बसलो.

हातमोजा बाजूला ठेवू नका, पुन्हा लागेल.

डोळ्यांनी काय दिसतं आणि काय नाही, हे आधी बघून घ्यावं म्हणजे नंतर निराशा होत नाही. कुर्ल्याला रविवारी माशांचा, म्हणजे शोभेच्या माशांचा, बाजार भरतो. तिथे हायड्रिलाची जुडी मिळते. तिचं पान दोनच पेशींच्या थराचं असतं, त्यामुळे ब्लेडने काप काढायची कटकट नाही. कोवळं पान तोडायचं, पाण्याच्या थेंबात ठेवायचं, वर कव्हरस्लिप. विद्यार्थ्यांच्या साध्या मायक्रोस्कोपवर ४५ची लेन्स लावली की हिरवे दाणे दिसतात. जरा धीर धरा, दिव्याच्या उबेने पाच-दहा मिनिटांत ते मधल्या शिरेजवळ रांगेने फिरायला लागतात. तन्वी अर्धा तास तिथून उठली नाही.

यातला एकेक दाणा म्हणजे एक हरितलवक, साधारण ५ मायक्रोमीटरचं. ग्रॅनाची चकती अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास रुंद असते, म्हणून चांगल्या लेन्सखाली दाण्याच्या आत गडद ठिपके असल्यासारखं वाटतं. तेच ग्रॅना. पण चकतीचं पटल, म्हणजे तिचा पातळ पडदा, जेमतेम ४-५ नॅनोमीटर जाड असतं आणि साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दाखवता येत नाही. त्यामुळे थायलॅकॉइड डोळ्यांनी दिसणार नाही, कितीही महागाची लेन्स लावा. त्याचं काम मात्र दिसतं. पुढचा सगळा खटाटोप त्यासाठी.

सामान असं. पालकाची एक जुडी. साखर, मीठ, खाण्याचा सोडा. केमिस्टकडे एप्सम सॉल्ट मिळतं, ते म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. नवसागर काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. भांड्यांना कल्हई लावणारे वापरत तोच, रसायनात त्याला अमोनियम क्लोराइड म्हणतात. डीसीपीआयपी नावाचा निळा डाय मात्र प्रिन्सेस स्ट्रीटला रसायनांच्या दुकानांत विचारावा लागेल. फळांतलं क जीवनसत्त्व मोजायला तो वापरतात, तसं सांगितलं की दुकानदार भुवया उंचावत नाही. डिस्टिल्ड वॉटर, टेस्टट्यूब, ड्रॉपर, सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा. आणि बर्फ भरपूर. मी आमच्या कोळणीकडून घेतला. कोळीणमावशींनी विचारलं, "काय आणलंस, सुरमई?" पालक म्हटल्यावर बराच वेळ हसत होत्या. हा बर्फ भांड्याच्या बाहेरून लावायचा, आत घालायचा नाही.

अडचण एकाच गोष्टीची, सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवून जड ते तळाशी बसवणारं यंत्र. माझ्याकडे हाताने फिरवायचं आहे, चोर बाजारात मिळालेलं, टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं. तुमच्याकडे नसेल तर शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये विनंती करा. बहुतेक ठिकाणी एखादं कपाटात धूळ खात असतं. १० सेंटिमीटरच्या भुजेवर मिनिटाला ३००० फेरे पडले की गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १००० पट जोर मिळतो. आपल्याला तेवढा पुरतो. समोरासमोरच्या नळ्या काट्यावर तोलून समान भरा. हे मी प्रत्येक बॅचला सांगायचे आणि दर वर्षी एक नळी फुटायचीच.

पालकाबद्दल थोडं. आपल्या बाजारात पालक म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा बीटाच्या जातकुळीतला असतो. परदेशी प्रयोगांमधला स्पिनॅच वेगळा. घराणं एकच, त्यामुळे काम अडत नाही. आंबटचुका घेऊ नका, त्याच्या रसाचं आम्ल सगळं बिघडवतं. अळूचा चिकट रस गाळताना जीव खातो. पानं गडद, ताठ आणि सकाळचीच घ्या. आदल्या दिवशी आणली तर ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये अंधारात ठेवा. ते तर उत्तमच. दिवसभर उन्हात असलेल्या पानाच्या हरितलवकात स्टार्चचे कण साठतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ते छर्‍यासारखे पटल फाडून खाली जातात. रात्रीत झाड ते संपवतं.

आता द्राव. पाव लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ३४ ग्रॅम साखर, ०.१५ ग्रॅम मीठ, ०.४ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि ०.३ ग्रॅम एप्सम सॉल्ट. पीएच ८च्या जवळ येतो. हरितलवकाच्या आतला द्रव, म्हणजे स्ट्रोमा, उजेडात साधारण तेवढाच अल्कधर्मी असतो. साखर गोडीसाठी नाही. बाहेरचं पाणी पातळ असलं तर ते आत घुसून हरितलवक फुगतं आणि फुटतं. साखरेने दोन्हीकडचा तोल राहतो. एप्सम सॉल्टमधलं मॅग्नेशियम चकत्या एकमेकींना चिकटून राहाव्यात म्हणून. पटलाच्या बाहेरच्या अंगावर ऋण भार असतो, त्यामुळे शेजारच्या दोन चकत्या एकमेकींना ढकलतात. मॅग्नेशियम तो भार झाकतं. ते काढून घेतलं की ग्रॅनाची चळत उलगडते आणि परत घातलं की पुन्हा बसते. चळत म्हणजे काही गोंदाने चिकटवलेली वस्तू नाही, हे यावरून लक्षात येतं.

द्राव, मिक्सरचं भांडं, गाळायचं फडकं, नळ्या, सगळं फ्रिजमध्ये गार करून घ्या आणि काम पहाटे करा. मुंबईत डिसेंबरातसुद्धा अकरानंतर स्वयंपाकघर तापतं. या पटलाची चरबी नाजूक असते. पेशीच्या इतर पटलांमध्ये फॉस्फरस असलेली चरबी जास्त. इथे मात्र तीन चतुर्थांशाच्या आसपास चरबीला गॅलॅक्टोज साखरेचं डोकं असतं. तिच्यातली मेदाम्लं फार असंतृप्त, म्हणून ती पातळ आणि वाहती राहते. पान वाटलं की पानातलेच विकर (एन्झाइम) ती तोडायला लागतात आणि ऊब मिळाली की त्यांना जोर चढतो. गारठ्यात ते सुस्त पडतात.

देठ आणि जाड शिरा काढून ५० ग्रॅम पानं घ्या, हाताने फाडा, १०० मिलिलिटर गार द्रावात टाका आणि मिक्सर फिरवा. तीन सेकंद, थांबा, तीन सेकंद, थांबा. असं चारदा. बस. पहिल्या खेपेला तन्वीने बटण दाबून धरलं आणि एक मिनिट फिरवलं. छान चटणी झाली. भांडं हाताला कोमट लागत होतं आणि वर हिरवा फेस आला होता. ते सगळं ओतून दिलं. फेस आला की समजा, प्रथिनांचे हाल झाले.

बरोबर वाटलेलं मिश्रण बघायला ओबडधोबड दिसतं. पानांचे तुकडे तसेच असतात आणि वाटतं की काही झालंच नाही. चार पदरी मलमलीतून गाळा. शेवटी हलकेच दाबा. श्रीखंडाच्या चक्क्यासारखं पिळू नका. खाली गडद हिरवं पाणी येईल. ते नळ्यांमध्ये भरून पाच मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. हाताचं यंत्र असेल तर दोघं लागतात, खांदा भरून येतो. नळीच्या तळाशी हिरवा गोळा बसतो आणि वर पिवळट हिरवं गढूळ पाणी राहतं. वरचं पाणी ओतून द्या.

यापुढची पायरी मला सगळ्यांत आवडते. तळाच्या गोळ्यात काही हरितलवकं अखंड आहेत, काहींची साल फाटली आहे. आपल्याला ती सगळी फोडायची आहेत, पण आतल्या पिशव्यांना धक्का न लावता. प्रत्येक नळीत ५ मिलिलिटर गार डिस्टिल्ड वॉटर घाला. त्यात साखर नाही, फक्त चिमूटभर एप्सम सॉल्ट. मऊ ब्रशने गोळा विरघळवा. घरातला रंगाचा नवा ब्रश चालतो. काचेच्या कांडीने ढवळू नका. अर्धा मिनिट थांबा. पाणी आत शिरून हरितलवकाचं दुहेरी बाहेरचं आवरण फुटतं. लगेच ५ मिलिलिटर द्राव ओता, म्हणजे पिशव्यांचं फुगणं थांबेल. पुन्हा पाच मिनिटं सेंट्रिफ्यूज.

आता नळी खिडकीशी धरा आणि वरचं पाणी बघा. तन्वीची अपेक्षा होती की हरितलवक फुटलं म्हणजे हिरवा रंग पाण्यात उतरणार. पाणी जवळजवळ रंगहीन होतं, तांदळाच्या दुसऱ्या धुण्यासारखं. हिरवं सगळं तळाशी. म्हणजे रंग हरितलवकाच्या रसात नव्हता, आतल्या पटलात रुतलेला होता. वरच्या पाण्यात गेला तो स्ट्रोमा, साखर बनवणारी सगळी यंत्रणा, रुबिस्को नावाच्या विकरासकट. तळाशी राहिला तो थायलॅकॉइड. वरचं पाणी फेका, तळाचा गोळा १० मिलिलिटर द्रावात ब्रशने मिसळा आणि नळी बर्फात, फॉइल गुंडाळून, ठेवा. हा आपला माल.

हरितद्रव्य पटलात नुसतं लोंबकळत नसतं, प्रथिनांत बसवलेलं असतं. याचा पडताळा घ्यायचा तर नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च घ्या. एका नळीत मालाचे दहा थेंब आणि ५ मिलिलिटर द्राव, दुसरीत दहा थेंब आणि ५ मिलिलिटर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन (गॅस बंद ठेवा, ॲसिटोन भडकतं). खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने मारा. ॲसिटोनची नळी रक्तासारखी लाल चमकते. दुसरी नळी हिरवीच राहते, फार तर कडेला लालसर झाक. रंगद्रव्य तेच, प्रकाश तोच. ॲसिटोनने हरितद्रव्य प्रथिनांतून उपटून काढलं, त्यामुळे शोषलेला प्रकाश द्यायला जवळ कुणी नाही, तो तांबडा होऊन बाहेर पडतो. पटलात असताना तोच प्रकाश एका हरितद्रव्याकडून शेजारच्याकडे, असा अभिक्रिया केंद्रापर्यंत, म्हणजे प्रकाशाच्या जोरावर इलेक्ट्रॉन सुटतो त्या ठिकाणापर्यंत, पोचतो आणि कामी लागतो. लाल होऊन वाया जातो तो अगदी थोडा.

या अभिक्रिया केंद्रांची दोन ठाणी आहेत, फोटोसिस्टिम २ आणि फोटोसिस्टिम १. नावं उलट्या क्रमाची आहेत, काम आधी २ करते. आता हातमोजा घ्या. बोटं एकमेकांवर टेकतात त्या अंगाला फोटोसिस्टिम २ दाटीवाटीने बसलेली असते. ग्रॅनाच्या पटलात सुमारे ७० टक्के जागा प्रथिनांनीच व्यापलेली असते, चरबी उरते ती फटी भरायला. फोटोसिस्टिम १ आणि एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बनवणारं चाक, म्हणजे एटीपी सिंथेज, ही दोन्ही तळव्याकडे आणि बोटांच्या कडांना, जिथे पटल उघडं आहे तिथे. असं का? तन्वीने स्वतः सांगितलं, मी फक्त मापं दिली. दोन चकत्यांमधली फट ३-४ नॅनोमीटर. एटीपी सिंथेजचं डोकं पटलाबाहेर १० नॅनोमीटरहून जास्त वर येतं. "मग ते आत मावणारच नाही!" बरोबर. फोटोसिस्टिम २ ची ती बाजू सपाट आहे, म्हणून तिला चळतीत जागा मिळते.

आता डाय. ०.१ ग्रॅम डीसीपीआयपी १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. चार नळ्या घ्या आणि प्रत्येकीत ५ मिलिलिटर द्राव आणि अर्धा मिलिलिटर माल घाला. पहिली उजेडासाठी. दुसरीला फॉइल. तिसरीत जाणारा माल आधी पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरून मारून घ्या, तो शेवाळी तपकिरी होतो. चौथीत नवसागराचे तीन थेंब घाला (१ ग्रॅम नवसागर १०० मिलिलिटर पाण्यात). मग सगळ्यांत दोन-दोन थेंब डाय. रंग मोरपंखी होतो. ९ वॅटचा एलईडी दिवा एका वीतभर अंतरावर ठेवा आणि घड्याळ लावा. जुना पिवळा बल्ब असेल तर मध्ये पाण्याने भरलेला काचेचा ग्लास ठेवा, उष्णता अडते.

पहिली नळी हळूहळू मोरपंखीची पोपटी होते. डाय निळा असतो. त्याला इलेक्ट्रॉन मिळाले की रंगहीन. फॉइलची आणि उकळलेली नळी तशीच. तन्वीच्या वहीत आमची नोंद आहे: पहिली नळी ७ मिनिटं, नवसागराची साडेचार.

हे इलेक्ट्रॉन आले कुठून? पाण्यातून. फोटोसिस्टिम २ ला चिकटून, पिशवीच्या आतल्या अंगाला, ४ मँगनीज आणि १ कॅल्शियम अणूंचा पुंजका असतो. तो पाण्याचे दोन रेणू फोडतो. ऑक्सिजन बाहेर, चार इलेक्ट्रॉन पुढे, आणि चार प्रोटॉन तिथेच पिशवीत. अखंड हरितलवकात ते इलेक्ट्रॉन पटलातल्या प्लास्टोक्विनोनकडून सायटोक्रोम बी६एफकडे, तिथून ल्युमेनमध्ये पोहणाऱ्या प्लास्टोसायनिनकडून फोटोसिस्टिम १ कडे आणि शेवटी फेरेडॉक्सिनमार्गे एनएडीपीकडे जातात; ही सगळी इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देणाऱ्यांची नावं. आपण स्ट्रोमा फेकून दिला, त्याबरोबर फेरेडॉक्सिनही गेलं. मग गाडीला शेवटचं स्टेशन नाही. डाय हे आपण बांधलेलं तात्पुरतं स्टेशन. रॉबर्ट हिल यांनी केंब्रिजला १९३७ मध्ये हेच केलं, डायऐवजी लोहाचा क्षार वापरून. कार्बन डायऑक्साइडची साखर होत नसतानाही ऑक्सिजन निघतो, हे त्यातून दिसलं. म्हणजे ऑक्सिजनचं काम वेगळं, साखरेचं वेगळं. नळीतून आपण ओतून दिलं ते साखरेचं, बर्फात ठेवलं ते ऑक्सिजनचं.

आणि नवसागर? इथेच पिशवी तोंडबंद असण्याचा मुद्दा येतो. उजेडात प्रोटॉन आत साठत जातात, आणि प्रोटॉन जास्त म्हणजे आम्ल जास्त. पाणी फुटून काही, प्लास्टोक्विनोनने बाहेरून ओढून आणलेले काही. ल्युमेनचा पीएच ६च्या खाली उतरतो, बाहेर ८. ही आम्लाची तुंब वाढली की सायटोक्रोमपाशी इलेक्ट्रॉनना पुढे सरकणं जड जातं. प्रोटॉनना बाहेर यायची वाट एकच, एटीपी सिंथेजमधून; आणि त्या चाकाला फिरवायला कच्चा माल, म्हणजे एडीपी आणि फॉस्फेट, आपल्या नळीत नाही. त्यामुळे तुंब राहते आणि डाय सावकाश उतरतो. नवसागरातून थोडा अमोनिया सुटतो. तो पटलातून सहज आत जातो, आत प्रोटॉन पकडतो आणि अमोनियम होऊन बसतो. तुंब ओसरली, इलेक्ट्रॉन सुसाट.

तन्वी म्हणाली, "म्हणजे नवसागराने झाड जास्त काम करेल?" नाही ना. वाहतूक वाढली पण एटीपीची कमाई गेली. पालकाच्या एटीपी सिंथेजमध्ये फिरणाऱ्या चाकाला १४ दाते असतात; १४ प्रोटॉन उतरले की एक फेरी आणि एका फेरीत ३ एटीपी. तुंबच नसेल तर चाक फिरणार कसं? १९६६ मध्ये यागेनडॉर्फ आणि उरिबे यांनी याची उलट बाजू दाखवली. थायलॅकॉइड आधी पीएच ४ च्या आम्लात भिजवले, मग एकदम पीएच ८ मध्ये टाकले, तेही मिट्ट अंधारात. एटीपी तयार झालं. प्रकाश नाही, इलेक्ट्रॉनचा प्रवास नाही. पिशवीच्या आत-बाहेर आम्लाचा फरक तेवढा होता. ही कल्पना मांडणाऱ्या पीटर मिचेल यांना पुढे १९७८ चं नोबेल मिळालं.

नवसागराने फरक पडला नाही तर नाउमेद होऊ नका, बहुधा तुमच्या पिशव्या आधीच गळक्या झाल्या आहेत. मिक्सर जास्त फिरला, बर्फ कमी पडला किंवा साध्या पाण्यात माल फार वेळ राहिला. गळक्या पिशवीत तुंब साठतच नाही, मग ओसरणार काय? दोन्ही नळ्या सारख्याच वेगाने उतरतात.

दुसरा घोळ मी स्वतः केलेला आहे. एका शाळेत प्रात्यक्षिक दाखवायला बोलावलं होतं, वेळ कमी होता, म्हणून सेंट्रिफ्यूज न करता सरळ गाळलेलं पाणी वापरलं. फॉइलची नळी उघडली तर तीही पोपटी. चाळीस मुलं बघतायत. पालकात क जीवनसत्त्व भरपूर आणि ते अंधारातही डायचा रंग उडवतं, हे मला तोंडपाठ होतं आणि ऐन वेळी आठवलं नाही. म्हणून धुणं टाळू नका आणि फॉइलची नळी तर कधीच टाळू नका.

डायचा डाग ओट्यावरून निघतो, सुती कपड्यावरून निघत नाही. नळ्या, ब्रश आणि मलमल पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. मिक्सरचं भांडं मात्र पालकच वाटला असल्याने साबणाने धुतलं की पुरे. उरलेला माल बर्फात तीन-चार तास कामाचा राहतो. आम्ही एक नळी मुद्दाम ओट्यावर ठेवून दिली होती. रात्री नऊला तिच्यात डायचे दोन थेंब टाकून दिव्यासमोर धरली. अर्धा तास झाला तरी रंग मोरपंखीच होता. रंगाने ती सकाळच्या नळीइतकीच हिरवी होती. तन्वीने वहीत वेळ लिहिली आणि पुढे आडवी रेघ मारली.